पट्टीवरचं बोट

माझ्या मूर्खपणाच्या गोष्टी आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहेत. लग्नानंतरच्या पहिल्याच पोळ्याला मी दुसऱ्याच्याच बैलजोडीला ओवाळून, पुरणपोळी चारून घरी आले होते, आणि आमचे बैल दारात उपाशी उभे होते. ती गोष्ट नातवंडं अजून माझ्याकडून वदवून घेतात आणि मीही चवीनं सांगते. पण एक गोष्ट अशी आहे की हसत सांगायला बसते आणि अर्ध्यातच उठते. तीच आज लिहून टाकते.

मी माझ्या थोरल्या जावेचं बोट धरलं आणि एका पट्टीवर सरकवलं. एवढंच. रडक्या तोंडाकडून हसऱ्या तोंडाकडे, वीतभर. त्यापायी तिचा खुबा गेला.

आमचं गाव चिखलीकडे, उंद्रीजवळ. दोघं भाऊ, दोघी जावा, चूल एक. थोरली माझ्याहून बरीच मोठी. मी तिला बाई म्हणते. ती कामाची आणि मी तोंडाची, अशी वाटणी मी या घरात आले तेव्हापासूनच पडली. मी मॅट्रिक होते ना! रेशनच्या दुकानात मी बोलायची, बँकेत मी बोलायची, दवाखान्यात डॉक्टरनं बाईला विचारलं, "काय होतंय?" की मी सांगायची, "बाईले पित्त झालं." एकदा कंपाउंडरनं तिला नाव विचारलं, तेही मीच सांगितलं. बाई नुसती हसली. मला वाटायचं, केवढा आधार आहे हिला माझा! त्या वेळची मी आज समोर आली तर तिच्या तोंडात बोळा कोंबीन.

तेव्हा मी साठीच्या अलीकडे होते. गावात एक डॉक्टरीण आली. तरुण पोरगी, सुती ड्रेस, पाठीला बॅग. समाजमंदिरात बायकांना गोळा करून तिनं सांगितलं की ती गुडघ्यांच्या झिजेवर संशोधन करते. आमच्याकडच्या बायका उकिडव्या बसून सोयाबीन निंदतात, वाकून कापूस वेचतात, वय होईस्तोवर गुडघे कामातून जातात. घरच्या घरी करायच्या व्यायामानं या बायकांचं दुखणं कमी होतं का, हे तिला पाहायचं होतं. काही गावांना ती व्यायाम शिकवणार, काही गावांना नेहमीचाच सल्ला देणार, आणि मग दोन्हीकडचं ताडून पाहणार. आमच्या गावाच्या वाट्याला व्यायाम आला होता.

मागं बसलेली एक म्हातारी म्हणाली, "यात पैसे कोनत्या खात्यात येतेत?"

"पैसे नाहीत आजी. ही योजना नाही."

"मंग आमचे गुडघे फुकटात पाह्यतं का?"

सगळ्या हसल्या. मीही हसले, पण माझं लक्ष तिच्या बोलण्यात होतं. 'ताडून पाहणार' म्हणताना तिचा हेल ओळखीचा वाटला. मी विचारलं, "कोनत्या गावची गं तू?"

"बीबीची."

झालं! माझं माहेर बीबी. आणखी चार प्रश्नांत तिचा आजा कोण, घर कोणत्या गल्लीत, चिंचेचं झाड अजून आहे का, सगळं निघालं. माहेरच्या गल्लीची पोरगी म्हणजे मी तिची आत्या. तिनंही लगेच "आत्या" म्हटलं, आणि त्या क्षणी ते संशोधन तिचं राहिलंच नाही, माझं झालं. ज्या सासरी सासूबाईंनी जन्मभर "तुमच्या बीबीले काय पिकते, मातीच न?" म्हणून टोमणे मारले, तिथं माझ्या माहेरची पोरगी डॉक्टर होऊन आली होती. आता दुसऱ्या गावापेक्षा आमच्या गावाचे गुडघे बरे व्हायलाच पाहिजे होते. मी ती मॅचच समजले.

तिनं मात्र पहिल्याच दिवशी साफ सांगितलं होतं. माझ्याकडे पाहूनच सांगितलं होतं. "आत्या, आराम पडला नाही तर नाही म्हणा. दुखणं वाढलं तर वाढलं म्हणा, मला तेच पाहिजे. जिचं वाढलं असेल तिला मी पुन्हा नीट तपासणार आहे. कदाचित तिचं कारण वेगळं असेल."

मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, पाहुणे चहा नको म्हणतात तसंच हे. कोणी नको म्हटलं म्हणून आपण चहा ठेवत नाही की काय?

सगळ्यांच्या गुडघ्यांचे फोटो चिखलीला काढून आणले. झीज सगळ्यांनाच होती, बाईलाही होती, फार नव्हती. मग दुखणं मोजायची पट्टी आली. पुढच्या बाजूनं एका टोकाला हसरं तोंड, दुसऱ्या टोकाला रडकं. आपण आपलं बोट आपल्या दुखण्याच्या जागी ठेवायचं. मागच्या बाजूला आकडे होते, ते फक्त डॉक्टरीण वाचायची. बाईनं त्या वेळी बोट मध्यावर ठेवलं होतं. स्वतः ठेवलं होतं. मी तेव्हा दुसऱ्या बायकांना रांगेत बसवण्यात गुंतले होते, म्हणून ते खरं उतरलं.

व्यायाम सोपा होता. खुर्चीवर बसायचं, घोट्याला वाळूची पिशवी बांधायची, पाय सरळ करायचा, धरून ठेवायचा, हळू खाली आणायचा. मी जुन्या झंपरांच्या कापडाच्या पिशव्या शिवून दिल्या. एकीला वाळू मिळाली नाही, तिनं हरभरे भरले. ओट्यावर पाय वर करून बसली असताना तिच्याच शेळीनं पिशवीला तोंड घातलं. गावभर मी फिरायची. "केला का वं आज?" "करून राह्यलो न माय!" घरोघरी बायका पाय हलवत भाजी निवडायच्या. काहींना खरंच बरं वाटू लागलं होतं. माझी सख्खी शेजारीण, जी जिना चढताना देवाचं नाव घ्यायची, ती आता शिव्या देत चढायची. म्हणजे दम शिल्लक राहत होता.

बाईचं मात्र उलटं चाललं होतं.

ती व्यायाम करायची, मी समोर उभी असायची म्हणून करायची. पण चालताना एका अंगाला झुकू लागली. उंबरा ओलांडताना दोन्ही हातांनी मांडी उचलून पाय पलीकडे ठेवायची. खाली बसली की पाय फाकायचा नाही. एक दिवस पाहिलं तर माझी नात तिच्या पायाची नखं कापत बसलेली.

मी म्हटलं, "वा! महाराणीचे नखं कापाले दासी ठेवली का?"

बाई म्हणाली, "हात पुरत नाई वं पायालोक. गुडघ्यात लय कळ येते, अन् आत कुठंतरी अडकते."

"व्यायाम मन लावून करत नाई तुमी, म्हनून अडकते."

असं मी म्हणाले. हे मी शब्दाला शब्द लिहिलं आहे, कारण नातीनं ते ऐकलं होतं आणि पुढे तिनंच मला ते परत ऐकवलं.

हिवाळ्यात डॉक्टरीण दुसऱ्यांदा यायची होती. तिच्या येण्याआधी मी गावात चक्कर मारली. कोणाला खोटं बोला असं मी सांगितलं नाही, अशी माझी स्वतःची समजूत होती. मी एवढंच म्हणत होते, "पोरगी लांबून येते, तिचं मन मोडू नका. माह्या माहेरची हाये." आमच्याकडे एवढं पुरतं. ज्या पाहुणीनं आपल्या घरी भरीत-भाकर खाल्ली, तिला "तुझ्या औषधानं गुण आला नाही" असं तोंडावर कोण सांगेल? वांगी मी स्वतः भाजली होती, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापल्या होत्या. पोरीनं जेवताना डोळ्यातून पाणी काढलं, ते ठेच्यानं. मी म्हटलं, बीबीची असून तिखट सोसत नाही? सगळ्या हसल्या. माझी छाती अशी फुगली होती की चोळी उसवावी.

जेवणं झाली आणि समाजमंदिरात पट्टी फिरू लागली. एकेक बाई बसायची, माझ्याकडे पाहायची आणि बोट हसऱ्या तोंडाकडे ठेवायची. पोरीचा चेहरा उजळत चालला होता. मग बाईची पाळी आली.

आधी चालून दाखवायचं होतं. बाई भिंतीला हात लावत झुकत झुकत चालली. डॉक्टरीण पुढे झाली. "काकू, हे कधीपासून?"

मी म्हणाले, "काल काटा रुतला तिले शेतात."

बाईनं माझ्याकडे पाहिलं. मग खुर्चीवर बसली आणि पट्टीवर बोट ठेवलं. अगदी रडक्या तोंडाला टेकवून ठेवलं. जराही अलीकडे नाही.

माझ्या डोक्यात काय आलं म्हणाल? हेच आलं की सगळ्या गावाचं चांगलं झालं आणि माझ्या घरच्याच बाईनं माझं नाक कापलं. दुसरं काही नाही. तिला एवढं दुखत असेल, हे मनात आलंच नाही. मी पुढे झाले, तिचं बोट धरलं आणि ओढत नेलं हसऱ्या तोंडापाशी. म्हणाले, "बाईले पट्टी समजली नाई. उलटी धरली तिनं."

तिचं बोट थंड होतं. जरा अडलं, मग सैल पडलं. ते अडणं माझ्या हाताला अजून कळतं.

पट्टी उलटी धरणाऱ्या बायका दुसऱ्या गावांतही असतील, म्हणून पोरीला नवल वाटलं नाही. तरी तिनं बाईलाच विचारलं, "काकू, असंच आहे का?"

"हाव," बाई म्हणाली.

डॉक्टरीण गेली. मी तिला कापसाच्या वाती, शेवया आणि लोणच्याची बरणी बांधून दिली.

त्यानंतर काही महिन्यांनी आम्ही दोघी शेगावला दर्शनाला गेलो. दर्शन शांतपणे झालं. बाहेर येऊन चपला घालायला बाई पायरीवर बसली आणि उठेचना. मी आधी हसले. "काय बाई, महाराजांनी पदर धरला का?"

तिनं वर पाहिलं. ओठ पांढरे पडले होते आणि ती दोन्ही हातांनी पायरी घट्ट धरून होती. दोन अनोळखी बायकांनी तिला बगलेत धरून उचललं, तेव्हा तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी बाळंतपणातही तिच्याकडून ऐकला नव्हता. आमचे हे आणि भाऊजी नातीला घेऊन गाडीनं आले आणि आम्ही तिला अकोल्याला हाडाच्या डॉक्टरकडे नेलं.

त्यानं फोटो काढला, पण गुडघ्याचा नाही. खुब्याचा काढला. उजेडाला धरून दाखवला. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला गोळा असतो, तो वाटीत फिरतो. बाईचा गोळा एका बाजूनं चपटा होऊन खाली बसला होता, पिकून दबलेल्या सीताफळासारखा. डॉक्टर म्हणाला, त्याला रक्त पोहोचत नव्हतं, आतून कोरडा पडत गेला.

भाऊजी म्हणाले, "पन दुखत त गुडघा होता."

"खुब्याचं दुखणं पुष्कळदा गुडघ्यात जाणवतं. पाय फाकत नसेल. नखं कापता येत नसतील." त्यानं बाईकडे पाहून विचारलं, "केव्हापासून?"

आणि बाईनं, सवयीनं, माझ्याकडे पाहिलं. आपल्या दुखण्याचं उत्तर माझ्या तोंडून यायचं असतं, ही सवय तिला मीच लावली होती. त्या दिवशी मी त्या फोटोकडेच पाहत राहिले. मागं उभ्या असलेल्या नातीनं सांगितलं, "पावसाळ्यापासून. मीच कापत होते नखं."

डॉक्टर म्हणाला, गोळा बसण्याआधी आला असता तर काही करून पाहता आलं असतं. वाचला असताच असं नाही, पण पाहता आलं असतं. आता नवा सांधा बसवावा लागेल.

ऑपरेशन नीट झालं. बाई चालू लागली, आधी वॉकरनं, मग काठीनं. पण उकिडवं बसायचं नाही, खाली मांडी घालायची नाही, हे डॉक्टरनं कायमचं सांगितलं. ऐकणाऱ्याला वाटेल, बरंच झालं की, सुटली बिचारी कामातून! बाईला निंदण म्हणजे काम कधी वाटलंच नाही. सोयाबीनच्या तासात ओळीनं बसायचं, शेजारणीला गाऱ्हाणी सांगायची, कोणाच्या सुनेला नावं ठेवायची, मध्येच गाणं म्हणायचं. जी घरात बोलायची नाही ती शेतात बोलायची. तिथं मी नसायची ना, म्हणून. ते मी तिचं कायमचं घालवलं. आता सकाळी बायका विळे घेऊन निघाल्या की ती खुर्चीवर बसून रस्त्याकडे पाहायची आणि मी स्वयंपाकघरात भांडी वाजवत राहायची.

बाईला घरी आणल्यावर मी डॉक्टरणीला फोन केला. फोनवर सांगता येईना, म्हणून नुसतं "ये" म्हटलं. ती आली. समाजमंदिरात सगळ्या बायका जमल्या होत्या, त्यांच्यासमोरच मी सांगितलं. बोट कसं ओढलं, काट्याचं खोटं कसं सांगितलं, सगळं. मला वाटलं होतं, माझं एकटीचं पाप निघेल आणि विषय संपेल. पण एक उठली, "मले बी तुह्या आत्यानंच सांगतलं होतं, मन नोको मोडू म्हनून." दुसरी उठली. हरभऱ्याच्या पिशवीवाली म्हणाली, "मी त व्यायाम केलाच नाई बापा, शेयीनं पिशवी खाल्ली तवापासून." कोणी हसलं नाही. माझी शेजारीण तेवढी ओरडून सांगत होती, "पन माहा गुडघा खरंच बरा झाला! देवाशपथ!"

पोरगी भिंतीला टेकून ऐकत होती. मग म्हणाली, "आत्या, या गावाची सगळी उत्तरं आता बाजूला ठेवावी लागतील. काकूंचं एकट्यांचं नाही, सगळ्यांचं. यांचा गुडघा बरा झाला असेल, पण ते मला आता कुठं सांगता येणार नाही."

मी म्हटलं, "मले वाटलं, तुह्यं चांगलं होईल."

"माझं?" ती माझ्याकडे पाहत राहिली. "त्या दिवशी काकूंचं बोट मी तिथंच राहिलेलं पाहिलं असतं, तर तिथल्या तिथं त्यांचा खुबा तपासला असता. मी त्यासाठीच परत आले होते."

ती रागावली असती तर मी भांडले असते, मला भांडता येतं. ती रागावली नाही. तिनं बॅग उचलली आणि म्हणाली, "काकूंना भेटते."

बाई ओसरीत उंच खुर्चीवर बसली होती. पोरगी तिच्यासमोर स्टुलावर बसली, बॅगेतून तीच पट्टी काढली. म्हणाली, "हे संशोधनासाठी नाही, काकू. मला कळावं म्हणून विचारते. आता किती दुखतं?"

माझं तोंड उघडलं होतं. खरंच सांगते, एवढं सगळं झाल्यावरही उघडलं होतं. "आता बरंच ब..." इतकं निघालंही. मग मी पदराचा बोळा करून तोंडाशी धरला आणि दाराच्या चौकटीला टेकून खाली बसले.

बाईनं पट्टी मांडीवर घेतली. हसरं तोंड कोणतं, रडकं कोणतं, हे नीट पाहून घेतलं. बोट मधोमध ठेवलं. विचार केला, जरा हसऱ्याकडे नेलं, पुन्हा किंचित मागं आणलं आणि थांबली. पोरीनं पट्टी उचलून मागचा आकडा वाचला. मला सांगितला नाही, मी विचारलाही नाही.

पोरगी हात धुवायला मागच्या अंगणात गेली. आम्ही दोघीच उरलो, तेव्हा मला राहवेना. मी विचारलं, "बाई, त्या दिवशी तुमी बोट मांगं काऊन नाई घेतलं? एक झटका देल्ला असता, मी सोडलं असतं."

बाई माझ्याकडे वळून म्हणाली, "तुह्या माहेरची पोर होती वं समोर. तिच्यापुढे तुले कशी खोटी पाडू? ऊठ आता, चहा ठेव पोरीले. अन् माह्या चहात साखर किती टाकाची, थे मले विचारून टाक."